दसऱ्याला घोडीची पाठ बसलेली दिसते? पोट भरलेलं असतं, पाठ उपाशी असते

दसऱ्याच्या सकाळी घोड्यांना आंघोळ घालायची, खरारा करायचा, गळ्यात झेंडूचा हार घालायचा, ही आमच्याकडची रीत. ओले केस अंगाला चिकटलेले असतात तेव्हा घोडीचं खरं अंग दिसतं. सलग तीन वर्षं मला त्या सकाळी एकच चित्र दिसलं. पोट गोल, बरगड्या झाकलेल्या, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना खळगे. हात फिरवला की कण्याची धार बोटांना लागायची. पुठ्ठे उतरलेले, खांद्याच्या मागे वाटीएवढा खड्डा. तुळशीचं लग्न लागून लग्नसराई सुरू झाली की खोगीर बसायचं नाही, पुढे सरकायचं. माघ-फाल्गुनापर्यंत पाठ हळूहळू भरायची आणि पुढच्या चातुर्मासात पुन्हा तेच.

आमची जागा पौडच्या पुढे, मुळशीच्या बाजूला. तीन काठियावाडी वळणाच्या घोड्या आणि एक भीमथडी तट्टू. पुण्याच्या आसपास वरातीची किंवा शिकवणीची घोडी सांभाळणाऱ्या ज्या ज्या माणसाशी मी हे बोललो, त्यातल्या बहुतेकांनी मान डोलावली. म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचे मोतद्दार काका, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, तीस वर्षं घोड्यांत आहेत. पहिल्या वर्षी ते म्हणाले, "पोट बघा की, कसं टम्म आहे. खायला कुठं कमी आहे?" त्यांचं चूक नव्हतं. खायला कमी नव्हतंच.

आधी खात्री करा की दुखणं चाऱ्याचंच आहे

इथे घाई करू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर घोडं खंगण्याचं एक मोठं कारण आपल्याकडे सर्रा आहे. घोडमाशा चावल्याने रक्तात जंतू जातात. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. घोडं खातं तरी वाळतं, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, डोळ्यांच्या कडा फिकट पडतात. गोचिडांमुळे होणारा रक्तातला ताप साधारण असाच दिसतो. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून आठ दिवस ताप लिहून ठेवा आणि ताप चढलेला असतानाच रक्त काढून घ्या. एकदा काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणजे सर्रा नाही असं होत नाही, कारण तो रक्तात सतत सारख्या संख्येने नसतो. औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि साताऱ्याच्या रस्त्याला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही पुणेकरांना फार लांब नाही. नमुना कुठे, कसा पाठवायचा हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

त्याच वेळी मूठभर ताजी लीद जंतांच्या अंड्यांसाठी तपासून घ्या. दाढा बघून घ्या. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे पडलेले दिसले तर दात आधी, खुराक नंतर. खोगीर एकाच जागी दाबत असेल तर तिथला स्नायू कितीही खाऊ घातलं तरी भरत नाही. आणि घोडं पंधराच्या वर असेल, अंगावर लांब कुरळे केस राहत असतील, तर वयाबरोबर येणारं ग्रंथीचं दुखणंही डॉक्टरांना तपासायला सांगा.

रक्तातलं एकूण प्रथिन नॉर्मल आलं म्हणून मी पहिल्या वर्षी निर्धास्त झालो होतो. ती चूक होती. चाऱ्यातल्या प्रथिनाची कमतरता त्या आकड्यात लवकर उतरत नाही. शरीर आधी स्नायू मोडून रक्त सांभाळतं. तो रिपोर्ट यकृत, किडनी, आतडं यांच्यासाठी उपयोगी आहे, गव्हाणीत काय कमी पडतंय हे तो सांगत नाही.

हे सगळं साफ असेल तर हाताने बघा. बरगड्या दिसतायत आणि पाठही बसली आहे, तर एकूण खाणंच कमी पडतंय. बरगड्या झाकलेल्या, मानेवर थर, पोट मोठं, आणि तरी पाठ बसलेली, केस निस्तेज, खुरांची वाढ मंद, नालबंद म्हणतो की या वेळी कापायला फारसं काही नाही, तर ऊर्जा पुरतेय आणि स्नायू बांधायचं सामान पुरत नाहीये. आमचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं.

गाईचा हिशोब घोड्याला लागू पडत नाही

आमच्या शेजारी गाईंचा गोठा आहे. तोच कडबा, तेच हत्तीघास, आणि गाई मजेत. त्यामुळे चारा वाईट आहे हे मला पटतच नव्हतं.

फरक पोटाच्या रचनेत आहे. गाईच्या पोटात जंतूंचा कारखाना सुरुवातीलाच असतो. हलक्या चाऱ्यापासून, अगदी युरियापासूनसुद्धा ते जंतू प्रथिन तयार करतात, ते पुढे लहान आतड्यात जातं आणि तिथे गाय ते पचवून घेते. घोड्यात क्रम उलटा आहे. प्रथिन पचवून अंगात घेणारं लहान आतडं आधी आणि जंतूंचा कारखाना, म्हणजे मोठं आतडं, नंतर. तिथे तयार झालेलं प्रथिन घोड्याच्या फारसं कामी येत नाही, बरंचसं लिदीतून बाहेर जातं. म्हणजे घोड्याच्या तोंडात जे प्रथिन गेलं, त्यातलं जे लहान आतड्यातच सुटून मोकळं झालं, तेवढंच त्याचं. कडब्याच्या कांड्यांत अडकलेलं प्रथिन पुढे निघून जातं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रथिन म्हणजे एक वस्तू नव्हे, ती अमिनो आम्लांची माळ आहे, आणि त्यातली काही घोड्याला बाहेरूनच मिळावी लागतात. रोजच्या चाऱ्यात सगळ्यांत आधी कमी पडतं ते लायसिन. पुरणपोळीचं उदाहरण घ्या. कणीक वीस पोळ्यांची मळली आणि पुरण दहाचंच शिजवलं, तर पुरणपोळ्या दहाच होतात. उरलेली कणीक कितीही चांगली असो, तिच्या पुरणपोळ्या होत नाहीत. लायसिन संपलं की बाकीचं प्रथिन शरीर जाळून टाकतं आणि त्यातला नायट्रोजन मुतातून बाहेर टाकतं.

चातुर्मासातच हे का घडतं, ते इथे कळतं. पावसाळ्यात लसूणघासाच्या, म्हणजे भरपूर प्रथिनाच्या चाऱ्याच्या, वावरात पाणी साचतं, पीक विरळ होतं, भाव चढतात, आणि दौंड-बारामतीकडून येणाऱ्या वाळलेल्या घासाच्या पेंढ्या ओल धरतात. घरात राहिलेला कडबा रब्बीचा, चार-पाच महिने जुना. त्याचं पान गळून नुसती कांडं उरलेली असतात, आणि प्रथिन होतं ते पानात. बांधावरचं हिरवं गवत डोळ्यांना भरपूर दिसतं, पण दहा किलोतलं आठ किलो पाणी असतं. भाद्रपदात त्याला तुरे आले की जे होतं तेही उतरतं. आणि नेमकं याच महिन्यांत काम नसतं. उभ्या घोड्याचा स्नायू तसाही उतरतो.

आमच्या गव्हाणीचा हिशोब

वजनकाटा नसेल तर टेप पुरतो. खांद्याच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८८०. आमच्या मोठ्या घोडीचा घेर १६६, लांबी १५१, म्हणजे साधारण ३५० किलो.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००७ च्या शिफारशीनुसार काम नसलेल्या प्रौढ घोड्याला वजनाच्या दर किलोमागे १.२६ ग्रॅम प्रथिन लागतं, आणि त्या प्रथिनाच्या ४.३ टक्के लायसिन. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला ४४१ ग्रॅम प्रथिन, १९ ग्रॅम लायसिन. हलकं काम सुरू केलं की प्रथिन ४९० च्या आसपास आणि लायसिन २१.

आमची पावसाळी गव्हाण अशी होती: कडबाकुट्टी ४ किलो, हिरवं हत्तीघास १० किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, भरडलेला मका १ किलो. प्रथिन धरलं तर कुट्टीतून १६० ग्रॅम, घासातून १२०, कोंड्यातून १५०, मक्यातून ८५. एकूण ५१५. कागदावर गरजेपेक्षा जास्त! मी पहिल्यांदा हा हिशोब मांडला तेव्हा वही मिटून ठेवली होती.

लायसिनचा रकाना नंतर काढला. कुट्टी ५, घास ४, कोंडा ६, मका अडीच. साडेसतरा. आणि त्यातलं निम्मं अशा चाऱ्यातलं, ज्याचं प्रथिन नीट सुटतच नाही. तट्टू तेवढ्यावर का टिकलं हेही कळलं. त्याचं वजन दोनशेच्या आत आहे आणि तो गव्हाण घोड्यांइतकीच साफ करतो.

हे आकडे अंदाजाचे आहेत, चारा तपासला तर थोडे वर-खाली होतील. पण रकाना मांडल्याशिवाय मला खड्डा दिसला नसता.

मी केलेले चुकीचे उपाय

दुसऱ्या वर्षी मी मका दुप्पट केला. घोड्या जाड झाल्या, मानेवर चरबी चढली, पाठ तशीच. मक्यात ऊर्जा भरपूर आणि लायसिन अगदी थोडं, दुसरं काय होणार. शिवाय पावसाळ्यातला मका मी आता घोड्यांपुढे ठेवतच नाही. बुरशी लागलेल्या मक्यातलं विष घोड्याच्या मेंदूवर जातं आणि घोडं सहसा वाचत नाही. दाणा वरून स्वच्छ दिसला तरी भरवसा नसतो.

तिसऱ्या वर्षी कुणी सांगितलं म्हणून रोज दोन अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं आणि लायसिन अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास. दोन अंड्यांनी आमच्या खड्ड्यात एक ग्रॅमही पडत नव्हता. तूप, गूळ, खारीक यांचंही तेच. मायेने घालतात, मला त्या मायेबद्दल आदर आहे, पण पाठ त्याने भरत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाई-म्हशींची गोळी पेंड घोड्याला घालू नका. तिच्यावर प्रथिनाचा टक्का मोठा छापलेला असतो, पण त्यात युरिया असू शकतो, जो घोड्याच्या कामाचा नाही. आणि काही जनावरांच्या खुराकात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय ते निकामी करतं, तेही अगदी थोड्या मात्रेत. मला एका दुकानात हीच पिशवी "घोड्यालाही चालते" म्हणून पुढे केली होती. चालत नाही.

शेंगदाणा पेंडेत प्रथिन चांगलं आहे, पण लायसिनच्या प्रमाणात ती सोयाच्या मागे आहे आणि पावसाळ्यात बुरशीचं विष धरण्यात सगळ्यांच्या पुढे. सरकी पेंडेत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. दोन्ही मी सोडल्या.

काय केलं आणि किती

मका पूर्ण बंद. कोंडा अर्धा किलो. त्या जागी १ किलो ओट आणि २५० ग्रॅम सोया डीओसी, म्हणजे तेल काढून भाजलेली सोयाबीनची पेंड. लातूर भागातल्या गिरण्यांचा माल गुलटेकडीच्या भुसार बाजारात आणि पशुखाद्याच्या दुकानांत मिळतो. कुट्टी आणि हिरवा चारा तेवढाच.

आता रकाने: प्रथिन ५८५, लायसिन सुमारे २३. प्रथिन फक्त ७० ग्रॅमने वाढलं. लायसिन साडेसतरावरून तेवीसवर गेलं, कारण पाव किलो सोया पेंडेत एकट्या सात ग्रॅम आहे. आणि हे दाण्याचं प्रथिन लहान आतड्यात सुटतं.

पेंड घेताना हातात घेऊन वास घ्या. फिकट पिवळसर, मोकळी, भाजल्याचा मंद वास. गाठी असतील किंवा कुबट वाटली तर परत करा, आणि पंधरा दिवसांत संपेल इतकीच आणा. शेतातलं कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. त्यात प्रथिनाचं पचन अडवणारे घटक असतात, ते भाजल्या-शिजवल्याशिवाय जात नाहीत. जास्त प्रथिन घातलं आणि पचलं उलट कमी, असं होतं.

ज्यांना सोया नको त्यांनी आपल्या जुन्या चंदीकडे, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या खुराकाकडे, वळावं. अर्धा किलो हरभरा रात्रभर भिजवून, किंवा अर्धा किलो हुलगे भिजवून शिजवून. इंग्रजीत हुलग्याचं नावच घोड्यावरून पडलं आहे, ते उगाच नाही. अर्ध्या किलोत शंभर ग्रॅमच्या वर प्रथिन आणि सोयाच्या पाव किलोच्या जवळपास लायसिन मिळतं. काकांचा कौल हुलग्यांनाच होता, आणि धाकट्या घोडीला आम्ही तेच दिले. फक्त "अजून थोडे" करत दीड-दोन किलोवर जाऊ नका. कडधान्यात पिष्टही भरपूर असतं, ते एकदम मोठ्या आतड्यात पोचलं तर पोटशूळ होतो. हरभऱ्याने घोडं तापतं असं लोक म्हणतात, त्यामागे बहुधा हे पिष्टच असतं, प्रथिन नाही.

वाळलेला लसूणघास चांगला मिळत असेल तर मला तोच सगळ्यांत आवडतो. दीड किलो घासात अडीचशे ग्रॅमच्या आसपास प्रथिन, दहा ग्रॅमच्या वर लायसिन, आणि वर कॅल्शियम. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं आरएल-८८ हे बहुवर्षीय वाण ज्यांची स्वतःची निचऱ्याची जमीन आहे त्यांनी लावून बघावं. आमच्या मुळशीच्या पावसात ते जगत नाही.

कॅल्शियमचं बोलायलाच हवं. कोंड्यात आणि दाण्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम नगण्य. हत्तीघासात ऑक्झलेट असतं, ते असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. दोन्ही एकत्र चालू राहिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, जबडा फुगतो, घोडं लंगडतं. कोंडा कमी करण्यामागे हेही कारण होतं. लसूणघास नसेल त्या महिन्यांत घोड्यांचं मिनरल मिक्स्चर डॉक्टरांना विचारून चालू ठेवा, आणि हिरव्या चाऱ्यात नुसतं हत्तीघास न ठेवता मक्याचा हिरवा चारा (दाणा नव्हे), बांधावरचं कोवळं गवत असं मिसळा. हत्तीघास गुडघ्याच्या थोडं वर असतानाच कापा. माणसाएवढं वाढलेलं हत्तीघास म्हणजे हिरवा कडबा.

बदल हळू करा. सोया ५० ग्रॅमपासून सुरू केली, दर दोन-तीन दिवसांनी ५० वाढवली. ओट आणि पेंड दोन वेळांत विभागून, नेहमी चारा आधी आणि तोबरा नंतर. पाणी सतत. तबेल्यात शिरताना डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास येऊ लागला, घोडी जास्त पाणी पिऊन जास्त मुतू लागली, तर प्रथिन गरजेच्या बरंच वर गेलं आहे. कमी करा.

आणि काम. नुसतं खाऊ घालून पाठ भरत नाही. आषाढ-श्रावणात पाऊस उघडला की रोज अर्धा तास, चढावर, हाताने धरून किंवा लगाम सैल सोडून चालवणं. मुळशीत चढाला तोटा नाही. सहा ते आठ आठवडे थांबा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी त्याच भिंतीजवळ, त्याच बाजूने फोटो काढा.

ज्यांच्याकडे दुधावरची घोडी आहे त्यांनी हा पाव किलोचा हिशोब वापरू नये. व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ३५० किलोच्या घोडीला दिवसाला किलोच्या वर प्रथिन लागतं, नेहमीच्या जवळजवळ अडीचपट. गाभणीचे शेवटचे तीन महिने आणि दूध तुटलेलं शिंगरू यांचाही हिशोब वेगळा मांडावा लागतो, आणि तिथे लसूणघास आणि सोया दोन्ही लागतात.

आमच्याकडे हे आषाढी एकादशीच्या आठवड्यात सुरू केलं. दसऱ्याला मोठ्या घोडीच्या कण्यावरून हात फिरवला तर बोटं दोन्ही बाजूंच्या मांसावरून गेली. हुलग्यांवरची धाकटीही तशीच भरली. मधली घोडी मात्र भरली नाही. तोच खुराक, तेच चालणं. डॉक्टरांनी तोंडात हात घालून बघितलं तर मागच्या दाढांची टोकं गालात रुतत होती, ती दाणा नीट चावतच नव्हती. टोकं घासून झाल्यावर तिची पेंड आता भिजवून देतोय, आणि कार्तिकी एकादशीला तिचा पुढचा फोटो काढायचा आहे.